जुनी जीप रोजच्या कामास कशी जुंपावी

पुष्कळ शेतकऱ्यांच्या वाड्यांत अगर खळ्याच्या कडेस एखादी जुनी जीप वर्षानुवर्षें उभी असलेली दृष्टीस पडते. तिच्या हौद्यांत कोंबड्या अंडीं घालतात, चाकांवर वेल चढलेला असतो; तरी तिला पुन्हां चालती करावी ही इच्छा घरांतील एखाद्या तरुणाच्या मनांत असतेच. प्रदर्शनांत मिरविण्याकरितां गाडी सजविणें हें एक काम, आणि तीच गाडी रोज दूध, खत व बियाणें घेऊन शेतांतून बाजारांत नेणें हें दुसरें काम. पहिल्यांत रंगापासून आरंभ केला तरी चालतें. दुसऱ्यांत रंगाचा क्रम सर्वांत शेवटचा. असें कां, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गाडीचा पूर्वेतिहास.— ज्या कंपनीनें जीप आपल्या देशांत रुजविली ती १९४५ सालीं महिंद्र बंधु व मलिक गुलाम महंमद यांनीं स्थापिली. १९४७ सालीं जीप जुळविण्यास आरंभ झाला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले, व १९४८ सालीं कंपनीस 'महिंद्र आणि महिंद्र' हें नांव मिळालें. खेड्यापाड्यांतून जी उंच नाकाची जीप आढळते ती 'सीजे-३बी' जातीची. अमेरिकेंतील विलीस कंपनीनें ती १९५३ सालीं काढली. तिच्या 'हरिकेन' इंजिनांत हवा आंत घेणाऱ्या झडपा वरच्या भागांत व धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा ठोकळ्यांत असल्यामुळें इंजिन उंच झालें, व त्याकरितां बॉनेटहि उंच करावें लागलें. पुढील विवेचन ह्याच गाडीस धरून आहे. मात्र त्याचा क्रम कोणत्याहि जुन्या मालवाहू गाडीस लागू पडेल.

प्रथम कागद.— आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें आम्ही कागदापासून आरंभ करतों, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु शेत घेतांना सात-बाराचा उतारा पाहिल्यावांचून आपण इसार देत नाहीं. गाडीचें नोंदणीपुस्तक हा तिचा सात-बारा, व सांगाड्यावर ठोकलेला चेसिस क्रमांक हा तिचा सर्व्हे नंबर होय. दोन्ही क्रमांक, सांगाड्याचा व इंजिनाचा, पुस्तकाशीं अक्षरशः जुळले पाहिजेत. पुस्तक आजोबांच्या नांवें असेल तर वारसानें आधीं आपलें नांव लावून घ्यावें. हें होण्यापूर्वीं गाडीवर एक रुपयाहि खर्च करूं नये. कारण ज्या गाडीची नोंद सुधारतां येत नाहीं, ती कितीहि उत्तम चालली तरी रस्त्यावर आणतां येत नाहीं.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें टिकते व पुढें तपासणी होऊन दर पांच वर्षांकरितां वाढवून मिळते. महाराष्ट्रांत त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. खाजगी म्हणून नोंदलेल्या गाडीनें भाड्याचा माल वाहूं नये. आणि निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तरी सर्वांसच सक्तीचा आहे.

येथें दोन खांचखळगे ध्यानांत ठेवावे. पहिला असा: २०२१ सालीं केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी देण्याचा नियम केला. मान मोठा आहे. परंतु तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, शर्यतफेरी, संशोधन, इंधन भरणें व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. जिला रोज जुंपावयाचें आहे तिच्याकरितां हा मान घेऊं नये. दुसरा असा: सरकारी कचेऱ्यांच्या जीपगाड्या पूर्वीं लिलांवांत स्वस्त मिळत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी वाढविली जात नाहीं व त्या मोडींतच काढाव्या लागतात. सबब पूर्वींच्या लिलांवांत खाजगी मालकाच्या नांवें रीतसर चढलेली गाडीच घ्यावी.

पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविण्याची टूम आपल्याकडे फार आहे. कायद्याप्रमाणें मूळ नोंदींत फरक पडेल असा बदल परवानगीवांचून करतां येत नाहीं. आणि नोंदींत नसलेल्या इंजिनासह अपघात झाल्यास विम्याचें काय होईल याचा विचार वाचकांनींच करावा. आधीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें, मग मिस्त्रीस बोलवावें.

सांगाडा.— कागद जुळल्यावर गाडी चार ठोकळ्यांवर उभी करून खालून पाहावी. वरचा पत्रा बदलतां येतो. सांगाडा कुजला असेल तर सर्व खर्च व्यर्थ. लहान हातोडीनें ठोकीत जावें: निरोगी लोखंड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें. फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक पत्र्यावर फिरवावें. जेथें तें धरीत नाहीं तेथें रंगाखालीं लांबी भरलेली आहे असें समजावें. कोंकणांतील खाऱ्या हवेंत राहिलेल्या गाडीस ही परीक्षा दोनदां करावी.

ब्रेक.— ह्या गाडीस चारही चाकांस नऊ इंची ड्रमचे ब्रेक असून सर्वांस तेल पुरविणारा मास्टर सिलिंडर एकच व त्याचा मार्गहि एकच असतो. ह्याचा अर्थ असा कीं, एका चाकाशीं नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. आधुनिक गाडींत दोन मार्ग असल्यानें एक गेला तरी दुसरा उरतो. येथें उरत नाहीं. घाट उतरतांना हौद्यांत मजूर बसलेले असतां असें घडलें तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून ब्रेकची दुरुस्ती म्हणजे सर्व रबरी नळ्या, सर्व लोखंडी नळ्या, चारही चाकांचे सिलिंडर व लायनर नवे, इतकें समजावें. 'चालत आहे तोंवर चालूं द्या' हा न्याय येथें लावूं नये. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलें झालेलें तेल उतारावर तापून उकळतें, त्याची वाफ होते व पायाखालचें पेडल पोकळ जातें. तेल ठराविक मुदतीनें बदलण्याचें कारण हेंच. हातब्रेक चाकांस नसून मागील दांड्यावर असतो. तो गाडी उभी करून ठेवण्यापुरता आहे.

स्टिअरिंग.— पुढील चाक जॅकवर उचलून वरखालीं हालवावें. चाक डुलत असेल तर किंगपिनचे बेअरिंग झिजलें आहे. दांड्यांच्या मध्यें जो बेलक्रँक असतो त्याची खीळ झिजली म्हणजे चक्र सैल फिरतें आणि खड्डा लागतांच पुढील चाकें थरथरूं लागतात. हे भाग लहान आहेत, परंतु गाडी सरळ जाणें त्यांवर अवलंबून आहे.

इंजिन व इंधन.— पुष्कळ दिवस उभें असलेलें इंजिन एकदम सुरू करूं नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, रात्रभर मुरूं द्यावें व दुसऱ्या दिवशीं हँडलनें हातानें फिरवावें. नंतर चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. आंकडे एकमेकांजवळ असतील तर इंजिन उघडण्याची घाई करूं नये.

इंधनाचा प्रश्न मात्र नवा आहे. आपल्याच उसाच्या मळीपासून व धान्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात, व २०२५ सालीं हें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें. शेतकऱ्यास तें हिताचें आहे. परंतु ही गाडी त्याकरितां बनविलेली नाहीं. इथेनॉलानें जुनें रबर फुगतें व चिरतें, आणि तें पाणी ओढून घेत असल्यामुळें उभ्या गाडीची टाकी आंतून गंजते. टाकी आसनाखालींच असल्यामुळें गळती ही केवळ नुकसानीची बाब नव्हे, ती आगीची बाब आहे. सबब सर्व इंधननळ्या, पंपाचा पडदा व कार्बुरेटरमधील रबर इथेनॉल सोसणारें घ्यावें. रोज चालणाऱ्या गाडीस हा त्रास कमी, उभ्या गाडीस अधिक.

वीज.— जुन्या तारांचें आवरण ठिसूळ होतें. तारांचा संच नवा करावा व प्रत्येक मार्गास फ्यूज घालावा. मागील दिवे व वळणाचे दिवे दुरून स्पष्ट दिसतील असे असावे.

वेगाची मर्यादा.— ही गाडी हळू कां चालवावी हें गणितानें कळतें. तिच्या आंसांचें प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास मोठ्या गिअरमध्यें इंजिनाचे ५.३८ फेरे होतात. मूळ मापाच्या टायरवर ताशीं ६० किलोमीटर वेगास इंजिन मिनिटास सुमारें २,४०० फेरे घेतें, ८० ला सव्वातीन हजारांजवळ, आणि १०० ला चार हजारांवर जातें. ४,००० फेऱ्यांस तर त्याची सर्व शक्ति संपते. म्हणून ५० ते ६० हाच तिचा रोजचा वेग मानावा. तसेंच पुढील चाकांची जोडणी चिखलांत वा सैल मातींतच घालावी. डांबरी रस्त्यावर घातल्यास पुढील व मागील चाकांतील फरकास वाट मिळत नाहीं व दांते तुटतात.

रंग.— इतकें झाल्यावर व गाडी निदान एक हजार किलोमीटर विनातक्रार चालल्यावर रंगाचा विचार करावा. आधीं दिलेल्या रंगावर मिस्त्रीचे तेलकट हात पुन्हां पुन्हां लागतात व खर्च दुप्पट होतो. शिवाय सुंदर दिसणारी गाडी सुरक्षित आहे असा घरांतील माणसांचा समज होतो, हें त्याहून वाईट.

शेवटीं एक सूचना. गाडीच्या नांवें एक वही घालावी. किलोमीटर, तेल, ग्रीस, ब्रेकची तपासणी व खर्च तारीखवार लिहावा. आठवड्यांतून एकदां, बाजाराच्या आदल्या दिवशीं, ब्रेकचें तेल, इंजिनाचें तेल, रेडिएटरचें पाणी व टायरांतील हवा पाहावी. बैलास रोज वैरणपाणी पाहिल्यावांचून आपण जुंपीत नाहीं. जुन्या गाडीसहि तोच नियम आहे. ज्यास इतकी निगा होणार नाहीं त्यानें ती खळ्यावर शोभेकरितां ठेवावी, तिच्यांत मुलाबाळांस बसवूं नये.