फटफटीवरून मी-सन

व्हिएतनाममधल्या होई आनहून सकाळी पन्नास सीसीची भाड्याची फटफटी घेऊन एकटाच निघालो. तिकडे वाहन उजवीकडून हाकायचं, एवढं ध्यानात ठेवावं. भातखाचरांतून चाळीसेक किलोमीटर गेलं, की डोंगरांच्या कुशीत मी-सनची विटांची देवळं लागतात. चौथ्या शतकात चंपाचा राजा भद्रवर्मा याने इथे शिवलिंग स्थापिलं. आपलं नाव देऊन त्याला भद्रेश्वर म्हटलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत इथे देवळं उठत राहिली. १९६९ साली अमेरिकन बाँबफेकीत मुख्य मंदिर कोसळलं. २०२० साली मात्र आपल्या पुरातत्त्व खात्याच्या मंडळींना इथेच नवव्या शतकातलं अखंड पाषाणाचं शिवलिंग सापडलं. देवळांशेजारी बाँबचे खड्डे अजून आहेत. त्यांत गवत उगवलंय. एकट्याच्या प्रवासाचा लाभ हाच, की अशा खड्ड्याशी हवा तितका वेळ उभं राहता येतं. ‘चला’ म्हणणारं कोणी नसतं.