उटनूरच्या रानातील जलविहार

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, की आम्हां व्यापारी मंडळींस दोन दिवस मोकळे सापडतात. त्या वेळी उटनूरहून दक्षिणेस सागवानी रान ओलांडून कडेम जलाशयावर सहकुटुंब जावे. पाणी तेव्हा निवळलेले असते. भर पावसाळ्यात मात्र आमचा साफ नकार! १९५८ च्या पुरात हे धरण फुटले होते. जुलै २०२२ मध्ये येणारे पाणी त्याच्या १८ दरवाजांनाही आवरेना आणि खालची गावे रिकामी करावी लागली. याच कडेम नदीवरील सुमारे ४५ मीटर उंचीचा कुंतला धबधबा नेत्रसुखद खरा. परंतु त्याच्या डोहांनी पोहणाऱ्या कित्येकांचे प्राण घेतले आहेत. तो दुरूनच पाहावा, मुलांचा हात धरून. फराळाचे डबे घरूनच न्यावेत.