जमीनविक्री, औषधालय आणि आयकर विवरणपत्र : जव्हार-मोखाड्यातील सभासदांचे काही प्रश्न

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील वैद्यबंधू-भगिनी आणि औषधालयचालक यांच्याकडून आयकर विवरणपत्राविषयी वारंवार विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांचा येथे परामर्श घेत आहोत. पुढील कलमे १९६१ च्या आयकर अधिनियमातील आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास तोच लागू असून, १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा अधिनियम आहे व त्यात कलमांचे क्रमांक निराळे आहेत.

प्रथम एक रूढ गैरसमज. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस आयकर नाही, असे आपल्या भागात सर्रास सांगितले जाते. कलम १०(२६) मधील ही सूट ईशान्येकडील ठराविक राज्ये, सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे आणि लडाख येथील रहिवाशांसाठी आहे. जव्हार-मोखाडा पाचव्या अनुसूचीत मोडतात. त्यामुळे वारली, कोकणा वा महादेव कोळी समाजातील आपल्या सभासदांचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेल्यास त्यांनाही विवरणपत्र भरणे प्राप्त आहे.

रुग्णतपासणीच्या जमेसाठी कलम ४४एडीए उपयोगी पडते. जमा ५० लाखांपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविता येते व हिशेबवह्यांचे बंधन राहत नाही. मात्र वैद्य स्वतःच्याच नावाने औषधालयही चालवीत असेल, तर सावध राहावे. दुकानदारांसाठीचे कलम ४४एडी हे वैद्यकीय पेशा करणाऱ्या व्यक्तीस लागू नाही, असे त्याच्या सहाव्या उपकलमात म्हटले आहे. तेव्हा अशा दुकानाच्या खरेदी-विक्रीच्या वह्या रीतसर ठेवाव्यात, असे आमचे मत आहे. केवळ औषधालय चालविणाऱ्यास ही अडचण नाही.

खरा घोळ होतो तो जमीनविक्रीत. शेतजमीन विकल्यास कर नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. १० हजार वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीतील शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरते. लोकसंख्या १० हजारांहून अधिक व १ लाखापर्यंत असल्यास हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीनही ठरते आणि हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ हवाई रेषेत मोजतात. आपले घाटरस्ते पाहता हा फरक मोठा आहे! जव्हार नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ हजारांच्या आसपास होती. म्हणजे जव्हारलगतच्या शेतजमिनीवर कर लागू शकतो. मोखाड्यात नगरपंचायत आहे. तिच्या हद्दीलगतची जमीन विकताना जनगणनेतील लोकसंख्येचा व अंतराचा दाखला आधीच घेऊन ठेवावा. दूरच्या पाड्यांवरील शेतीस हा कर नाही. औषधी वनस्पतींची लागवड हीदेखील शेतीच होय. सातबाऱ्यावर तशी पीकनोंद मात्र हवी. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीस विकावयाची झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, हेही विसरू नये.

कर किती, हे उदाहरणाने पाहू. जव्हारच्या हद्दीतील वडिलोपार्जित शेत २०२५-२६ मध्ये २० लाखांस विकले आणि १ एप्रिल २००१ रोजी त्याचे मूल्य ३ लाख होते, असे धरू. नफा १७ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी कर २,१२,५०० रुपये. परंतु २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीस महागाई निर्देशांकाचा पर्याय आहे. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ असल्याने ३ लाखांचे ११.२८ लाख होतात, उरलेल्या ८.७२ लाखांवर २० टक्क्यांनी कर १,७४,४०० रुपये. कमी रक्कमच द्यावयाची, उपकर निराळा. २००१ चे मूल्य त्या वेळच्या मुद्रांक मूल्याहून अधिक धरता येत नाही.

नव्या करप्रणालीतील १२ लाखांपर्यंतची करमाफी या नफ्यावरील करास मिळत नाही, आणि येथे अनेकांची फसगत होते. विक्रीपूर्वीची दोन वर्षे ती जमीन स्वतः किंवा आई-वडिलांनी कसली असेल व विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर कलम ५४बी अन्वये सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी न झाल्यास रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी. साध्या बचत वा मुदत ठेवीत ठेवल्यास सूट जाते. अशा वर्षी ‘सुगम’ हा चौथा नमुना चालत नाही, वैद्याने तिसरा नमुना भरावा.