पाडलास का?

जुने डिजिकॅम कपाटातून पुन्हा बाहेर आलेत आणि त्यांच्यासोबत जुनी दुखणीही! कॅमेरा बंद पडला, की खापर नेहमी मालकाच्याच डोक्यावर का फुटतं?

कॅमेरा बिघडला, की पहिला प्रश्न ठरलेला. घरी असो, मित्रांत असो, नाहीतर सर्व्हिस सेंटरच्या काऊंटरवर... ‘पाडलास का?’ मग दुसरा, ‘पाणी लागलं का?’ या दोन्ही प्रश्नांना तुम्ही कितीही छातीठोकपणे ‘नाही’ म्हणा, समोरच्याच्या चेहऱ्यावर ते ‘बरं बरं’ टाइप स्माइल असतंच! आणि गंमत म्हणजे थोड्या वेळाने आपल्यालाही वाटायला लागतं, की आपणच कुठेतरी आपटला असणार बहुतेक. मग मुकाट्याने रिपेअरिंगचं बिल भरायचं आणि विषय संपवायचा.

पण बॉस, दर वेळी दोष आपलाच असतो का?

हा प्रश्न आत्ता विचारायला कारण आहे. आई-बाबांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेले छोटे चंदेरी कॅमेरे आता पोरं कपाटातून शोधून काढतायत. फोनपेक्षा वेगळा रंग, तो भगभगीत फ्लॅश, थोडीशी गडबडलेली फ्रेम... हाच तर सगळा चार्म! एके काळी या कॅमेऱ्यांचं राज्य होतं. ‘सीपा’ या जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभरात जवळपास ११ कोटी कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारात गेले. मग स्मार्टफोन आला आणि २०२३ मध्ये हाच आकडा १७ लाखांच्या आसपास येऊन टेकला. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, तो किंचित वर सरकला. कॅननने तर २०१६ सालचंच एक मॉडेल थोडेफार बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. म्हणजे फॅशन परत आली हे नक्की. पण जुना कॅमेरा घेताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, भरवशाचा असतो. चालेल ना हा? आणि किती दिवस?

जेव्हा मालक बरोबर होते

२००४-०५ च्या सुमाराला जगभरातल्या अनेकांच्या कॅमेऱ्यांना एकच आजार झाला. कॅमेरा ऑन व्हायचा, लेन्स बाहेर यायची, मेनू दिसायचा. पण फोटो? कधी पूर्ण काळा, कधी जांभळट, कधी आडव्या रेघांनी भरलेला. यातले कितीतरी कॅमेरे कधी टेबलावरूनही पडलेले नव्हते. वॉरंटी मात्र संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मालकाच्या गळ्यात.

ऑक्टोबर २००५ मध्ये उलगडा झाला. दोष होता कॅमेऱ्याच्या ‘डोळ्यात’, म्हणजे प्रकाशाचं चित्रात रूपांतर करणाऱ्या सीसीडी सेन्सरमध्ये. हे सेन्सर सोनीने बनवलेले होते आणि सोनी ते फक्त स्वतःच्या कॅमेऱ्यांत वापरत नव्हती, इतर कंपन्यांनाही विकत होती. सेन्सरच्या आतली केसासारखी बारीक तार जिथे जोडलेली असते, तो जोडच सुटत होता. सोनीपाठोपाठ कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा अशा कंपन्यांनीही आपापल्या मॉडेल्सच्या याद्या जाहीर केल्या आणि वॉरंटी संपली असली तरी सेन्सर फुकट बदलून देण्याची तयारी दाखवली. कॅननच्या यादीत ए६०, ए७० आणि ए७५ ही तेव्हाची भलतीच पॉप्युलर मॉडेल्स होती. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने आपल्या यादीत आणखी आठ मॉडेल्सची भर घातली.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट ऐका. हा जोड कुठे लवकर सुटत होता? उष्ण आणि दमट हवेत! म्हणजे मुंबईचा मे महिना आणि कोकणातला जून. आपल्याकडच्या मालकाने कॅमेरा कितीही फुलासारखा जपला असता, तरी हवा काही त्याच्या हातात नव्हती. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘पाणी लागलं का?’ असं विचारल्यावर तो बिचारा आठवत बसला असेल, की गेल्या पावसाळ्यात आपण कॅमेरा बाहेर काढला होता का!

मुद्दा एवढाच, की एकट्या मालकाची तक्रार म्हणजे ‘तुमचा प्रॉब्लेम’. तीच तक्रार, तेच मॉडेल, तीच लक्षणं हजार जणांकडून आली, की तो कंपनीचा प्रॉब्लेम होतो.

लेन्स अडकली... पण का?

आता दुसरी बाजू. त्याच काळात कॅननच्या मालकांमध्ये एक कोड कुप्रसिद्ध झाला होता, ‘ई१८’. लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकायची, घर्रर्र आवाज व्हायचा, स्क्रीनवर ई१८ उमटायचं आणि कॅमेरा ठप्प. अमेरिकेत चिडलेल्या ग्राहकांनी कोर्ट गाठलं. पण सगळ्या मालकांच्या वतीने एकत्रित खटला चालवायला न्यूयॉर्कच्या कोर्टाने २००६ मध्ये परवानगी नाकारली. का? तर ई१८ हा काही एकच आजार नव्हता. लेन्स हलत नाही, एवढंच तो कोड सांगत होता. ती वाळूने अडकली, आपटल्याने वाकली, की मुळातच कमजोर होती, हे प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं. म्हणजे ताप सगळ्यांना आला, पण कुणाला मलेरिया तर कुणाला साधं सर्दी-पडसं!

आणि हे फक्त एका कंपनीचं दुखणं नाही. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात झूम लेन्स बसवायची, तर ती दुर्बिणीसारखी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची करावी लागते. त्या नळ्या हलवायला इवलीशी मोटर आणि प्लॅस्टिकची चिमुकली चाकं. त्यात गोव्याच्या बीचवरचा वाळूचा एक कण गेला, तरी चाक अडतं. बॅगेत चुकून पॉवरचं बटण दाबलं गेलं आणि लेन्सला बाहेर यायला जागाच मिळाली नाही, तरी तेच. माझ्या मावसभावाचा कॅमेरा कळंगुटला गेला तो असाच, टॉवेलमध्ये गुंडाळलेला असताना! पाडला नव्हता, पाणीही लागलं नव्हतं. तरी गेला.

या दुखण्यावर कंपन्यांनी उपायही शोधले. मिनोल्टाच्या डिमाज एक्सने २००२ मध्ये आणि पुढे सोनीच्या टी सीरिजने लेन्स बॉडीच्या आत आडवी घातली, म्हणजे बाहेर यायचा प्रश्नच नको. ऑलिंपसने २००६ मध्ये म्यू ७२० एसडब्ल्यू आणला, दीड मीटरवरून पडला तरी चालेल आणि तीन मीटर खोल पाण्यात नेला तरी चालेल असा. तुमचे वीकेंड बीचवर आणि ट्रेकवर जात असतील, तर मेगापिक्सेलपेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा!

चोर सोडून संन्याशाला फाशी

कितीतरी कॅमेरे ‘डबडं’ म्हणून बदनाम झाले, ते त्यांची काहीच चूक नसताना. खरे गुन्हेगार होते पेन्सिल सेल! रिमोटमध्ये, घड्याळात वर्षभर चालणारे साधे झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्यात टाकले, की चार-पाच फोटोंत माना टाकायचे. कारण लेन्स सरकवणं, स्क्रीन चालवणं, फ्लॅश चार्ज करणं या सगळ्याला एकदम जो करंट लागतो, तो देण्याची त्यांची ताकदच नसते. आमच्या घरचा कॅमेरा बाबा दुकानात परत करायला निघाले होते. दुकानदाराने काही न बोलता ड्रॉवरमधून अल्कलाइन सेल काढून टाकले आणि कॅमेरा ठणठणीत! रिचार्जेबल सेलची तऱ्हा वेगळी, न वापरता ठेवले तरी ते उतरायचे. २००५ च्या शेवटी सॅन्योचे एनलूप आले आणि हे दुखणं बरंचसं गेलं.

आज संन्याशाच्या जागी आहे मेमरी कार्ड. जुन्या कॅमेऱ्यात हल्लीचं ३२ जीबीचं कार्ड टाकायचं आणि ‘कार्ड एरर’ आली, की कॅमेरा विकणाऱ्याला शिव्या घालायच्या! अहो, त्या कॅमेऱ्याच्या जन्माच्या वेळी साधी एसडी कार्डं दोन जीबीपर्यंतच असायची. त्याहून मोठ्या कार्डांचा एसडीएचसी हा प्रकारच २००६ मधला. त्याआधीच्या कॅमेऱ्याला तो कळतच नाही. त्यात तो ऑलिंपस किंवा फुजीचा असेल, तर कदाचित एक्सडी कार्ड लागेल. सोनीचा असेल, तर मेमरी स्टिक. हे दोन्ही आता जुन्या बाजारातच मिळतात. कॅमेरा घ्यायच्या आधी कार्ड आणि चार्जर शोधा, उलटं नको.

पावसाळा आणि कपाट

आपल्याकडे कॅमेरे वापरून जेवढे बिघडतात, तेवढेच न वापरता बिघडतात. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर. अशा हवेत चामड्याच्या केसमध्ये, साड्यांच्या घडीखाली कॅमेरा ठेवला, की लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते. एसएलआरची लेन्स उघडून साफ करता येते. कॉम्पॅक्टची लेन्स उघडायची म्हणजे अख्खा कॅमेरा खोलायचा. आणि प्लीज, हा प्रयोग घरी करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असू शकतो, बॅटरी काढून ठेवली तरीही. झटका साधासुधा नसतो!

उपाय मात्र स्वस्त आणि मस्त. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, सेल बाहेर काढून ठेवलेले. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा काढून दहा-बारा फोटो. बस्स!

बिल आहे का?

‘पाडलास का?’नंतरचा खरा महत्त्वाचा प्रश्न हा. २००० च्या दशकात हाजी अलीच्या हिरा पन्नात नाहीतर मनीष मार्केटमध्ये इंपोर्टेड कॅमेरा एक-दोन हजारांनी स्वस्त मिळायचा. अट एकच, पक्कं बिल नाही आणि भारतातली वॉरंटी नाही. तेव्हा तो सौदा भारी वाटायचा. पण कॅमेरा बिघडला, की कंपनी हात वर करायला मोकळी. अशा मालकाकडे तक्रार होती, पुरावा नव्हता.

शिवाय कंपन्याही कुठे कायमच्या असतात? कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांचा धंदा सोडत असल्याचं २००६ मध्ये जाहीर केलं, कोडॅकने २०१२ मध्ये आणि कॅसिओने २०१८ मध्ये कॉम्पॅक्टला रामराम ठोकला. त्यामुळे आज जुना कॅमेरा घेताना त्यावरचं नाव किती मोठं होतं, यापेक्षा त्याचा पार्ट आणि तो बसवणारा माणूस कुठे मिळतो, हे विचारा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारमध्ये चक्कर मारली, तर हा अंदाज अर्ध्या तासात येतो.

नवा कॅमेरा घेतलाय आणि तो वॉरंटीत असताना बिघडलाय? मग गप्प बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैमध्ये लागू झाला आणि सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं वेगळं प्रकरणच त्यात आहे. पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करायची. आणि काऊंटरवर ‘पाणी लागलंय’ असं ऐकवलं, तर वाद घालू नका. तेच लेखी मागा. ठाण्याच्या एका मैत्रिणीने एवढंच केलं. जॉबशीटवर कारण लिहायची वेळ आली आणि कॅमेरा ‘पुन्हा एकदा तपासायला’ आत गेला. चार दिवसांनी फोन आला, वॉरंटीत करून देतो!

तेव्हा तुमचा कॅमेरा बिघडला, तर आधी स्वतःला दोष देऊ नका आणि लगेच कंपनीलाही नको. तेच मॉडेल वापरणारे दोघे-चौघे शोधा. त्यांचंही तेच दुखणं निघालं, तर तुमच्या हातात केस आहे. नाही निघालं, तर सेल, कार्ड, वाळू आणि कपाट... चौकशी या क्रमाने करा!

जुना डिजिकॅम घेताय? काऊंटरवरच हे तपासा

• पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा आणि झूम पूर्ण पुढे-मागे करा. लेन्स अडखळली किंवा घरघरली, तर नमस्कार करून निघा.

• पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, पूर्ण झूमवरही. करडे डाग म्हणजे आत धूळ.

• लेन्समध्ये टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर ती बुरशी.

• सेलचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरा थर म्हणजे कधीतरी सेल फुटून आतलं पाणी बाहेर आलंय.

• सेल काढून परत टाका. तारीख विसरला तर घाबरू नका, बहुतेक वेळा आतला बटण सेलच संपलेला असतो. फुगलेली लिथियम बॅटरी मात्र अजिबात नको.

• फ्लॅश किमान तीनदा मारा. कार्ड स्वतःचं घेऊन जा.

• बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, बिल साधं असलं तरी.

• आणि फोटो काढून घरी आलात, की त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. कॅमेरा दुसरा मिळतो, आजीचा पंचाहत्तरीचा फोटो नाही मिळत.