चकाकी नको, कांती हवी

बाहुलीचा सुटा हात खिडकीपाशी तिरपा धरला, की दंडावरून खाली मनगटापर्यंत केसाएवढी बारीक रेघ उमटते. साच्याचे दोन भाग जिथे मिळाले, तिथली ती खूण. बॉल-जॉइंटेड डॉल जमवणारी मंडळी या रेघेपाशी थबकतात. काहींना ती घासून नाहीशी करायची असते; काही म्हणतात, राहू दे, कारखान्यातून आली तशीच बरी.

या बाहुलीचे गुडघे, कोपरं, मनगटं गोळ्यांवर फिरतात आणि पोकळ अंगातून ओवलेली इलॅस्टिकची दोरी सगळे अवयव ताणून धरते. हान्स बेल्मर या कलावंताने 1930च्या दशकात जर्मनीत अशा सांध्यांची अस्वस्थ करणारी बाहुली घडवली. तिची छायाचित्रं 1965मध्ये एका जपानी मासिकात पाहून तिथले बाहुलीकार योत्सुया सिमोन यांच्या कलेने वळण घेतलं. क्योतोच्या ‘व्होक्स’ कंपनीने 1999मध्ये ‘सुपर डॉल्फी’ बाजारात आणली आणि हौशी माणसाच्या घरात ही बाहुली शिरली. व्होक्सचा हातखंडा गॅरेज किटचा, म्हणजे रेझिनच्या सुट्या भागांतून जुळवायच्या मूर्तींचा. बाहुलीही मग त्याच पॉलियुरेथेन रेझिनची झाली.

बाहुलीच्या अंगावरची चकाकी घालवण्याची धडपड मात्र रेझिनपेक्षा फार जुनी. जपानी कारागीर शिंपल्यांची पूड सरसात कालवून ‘गोफुन’ करत आणि त्याचे थरावर थर देऊन चेहरा घडवत. युरोपात एकोणिसाव्या शतकात झिलई दिलेल्या चिनीमातीच्या चेहऱ्यांपुढे बिनझिलईचे ‘बिस्क’ चेहरे सरस ठरले. झिलई कपबशीला शोभते. गालाला हवी कांती.

रेझिनची कांती साच्यात ठरते. दोन द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओततात. मिश्रण तापतं आणि थोड्याच वेळात घट्ट होतं. सिलिकॉन मूळ नमुन्याची नक्कल इतकी इमानाने करतो, की नमुना गुळगुळीत तर बाहुली तुकतुकीत आणि नमुना किंचित खरबरीत तर बाहुली मॅट. खरी चुरस असते ती रेझिन किती पारभासी असावं यावर. प्रकाश थोडा आत शिरून परतला तर त्वचेचा भास होतो. पृष्ठभागावरच अडला तर खडूचा. संग्राहक ज्याला ‘फ्रेंच रेझिन’ म्हणतात, ते या पारभासीपणासाठी आणि हाताला लागणाऱ्या जडपणासाठी अनेकांना प्रिय. ते लवकर रंग बदलतं, अशी तक्रारही त्याच मंडळींची.

मॅटचा आग्रह नुसता डोळ्यांसाठी नाही. भुवया, ओठ, गालांवरची लाली सॉफ्ट पेस्टलच्या भुकटीने रंगवतात आणि गुळगुळीत अंगावर भुकटी ठरत नाही. म्हणून आधी मॅट फवारा, मग रंग, वरून पुन्हा फवारा. हवा दमट असेल तर तोच फवारा चेहऱ्यावर पांढुरकी साय धरतो. मुंबईच्या जुलैत हे काम काढू नये. गंमत सांध्यांच्या आत आहे. बाहेर मऊ दिसणारी बाहुली आतून गुळगुळीत असली तर उभीच राहत नाही, गुडघा सटकतो. मग खोबणीत पातळ स्वेडचं कातडं चिकटवून मुद्दाम घर्षण आणतात.

रेघ घालवायची तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं, तोंडाला मास्क लावून. रेझिनची भुकटी फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. घासताना हात हलका हवा, नाहीतर रेघेबरोबर नखांची कोरही जाते.

एवढं करून कांती टिकते का? रेझिन ज्या आयसोसायनेटपासून बनतं, त्यातल्या ‘अरोमॅटिक’ कार्बन-वलयांची अतिनील किरणांशी गाठ पडली, की रंग देणारी नवी संयुगं तयार होतात आणि अंग पिवळं पडू लागतं. उन्हापासून जपलं तर हे लांबतं, टळत नाही. वरचा पिवळा थर काही जण घासून काढतात, पण प्रत्येक घासणीत थोडं कोरीव काम झिजतं.

बाहुली जुनी असेल आणि हात मोडला म्हणून नवा मागवला असेल, तर फरक लगेच कळतो: धड सायीच्या रंगाचं, हात दुधासारखा पांढरा. तो हात खिडकीपाशी धरून रेघ शोधायची, घासायची, पुन्हा उजेडात तपासायची. मनासारखा झाला की दोरीत ओवायचा आणि लगेच पडदा ओढून घ्यायचा. ज्या उजेडात रेघ दिसली, तोच उजेड त्या हाताला पिवळा करणार असतो.