पाहुणा कुणाचा? लडाखच्या होमस्टेपासून आपल्या बोरपर्यंत

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून देतोय. प्रश्न साधा आहे, पण पैशाचा आहे. गावात पर्यटक मुक्कामाला आला, तर तो पाहुणा कुणाचा? हॉटेलमालकाचा, ज्या घरी उतरला त्या घराचा, की अख्ख्या गावाचा?

उत्तर शोधायला आधी लडाखला जाऊ. लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या वर्ध्यात हजाराच्या आसपास पडतो, आणि तरी उन्हाळ्यात आपल्या विहिरी तळ गाठतात! लडाखमधल्या गावांचं पाणी मुख्यतः वितळणाऱ्या बर्फाचं. पीक घ्यायला वर्षातले मोजकेच महिने मिळतात. बाकी भिस्त शेळ्या-मेंढ्यांवर.

आता हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबक हे गाव घ्या. हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या वाड्यात शिरला, की एका मेंढीवर थांबत नाही. बंद जागेत जितक्या सापडतील तितक्या मारतो. एका रात्रीत घराची वर्षाची पुंजी संपते. मग लोक चिडून हिमबिबट्यालाच मारायचे. दुसरीकडे, याच डोंगरांत ट्रेकिंगला पर्यटक यायचे ते तंबू आणि शिधा सोबत घेऊन. कमाई व्हायची लेहच्या एजन्सीची, नुकसान राहायचं गावाकडे.

२००२ च्या सुमारास ‘स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने गावकऱ्यांसोबत तिथे होमस्टे सुरू केले. लडाखचेच रिंचेन वांगचुक यांचा त्यात मोठा वाटा होता. घरात पाहुणा ठेवणं काही नवीन नाही. नवीन होते ते नियम.

पहिला नियम पाळीचा. आज पाहुणा या घरी, उद्याचा पुढच्या घरी. त्यामुळे ज्याचं घर रस्त्यालगत आहे किंवा ज्याला इंग्रजी येतं, तोच एकटा मोठा होत नाही.

दुसरा नियम सामायिक पैशाचा. कमाईतला साधारण १० टक्के भाग गावाच्या निधीत जातो. त्यातून कचरा उचलण्यासारखी सगळ्यांची कामं होतात.

तिसरा नियम पाहुण्यासाठी. त्याने घरासारखं राहायचं. स्वयंपाकघरात सगळ्यांसोबत बसून थुक्पा खायचा, लोणी-मीठ घातलेला चहा प्यायचा. शौचालय कोरडं, म्हणजे पाणी ओतायचं नाही, वरून माती किंवा राख टाकायची. पुढे त्याचंच खत होऊन शेतात जातं. जिथे पाण्याचा थेंब न् थेंब मोजून वापरतात, तिथे फ्लश ही चैन आहे.

सोबतच वाड्यांवर जाळी घालून ते पक्के करण्याचं काम झालं. हिमबिबट्या जिवंत राहण्यात आता गावाचाही फायदा आहे. हे घरकाम मुख्यतः बायका सांभाळतात, त्यामुळे पैसाही त्यांच्या हातात येतो.

पाहुण्याने जागेच्या नियमाने राहायचं, ही गोष्ट वर्ध्याला नवी नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले, तेव्हा तिथे ना धड रस्ता होता, ना पोस्ट. पत्रं चुकून शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमातल्या पहिल्या घरात, आदि निवासात, सगळे एकत्रच राहायचे. खान अब्दुल गफार खान तिथे राहिले, आपले तुकडोजी महाराजही राहिले. स्वयंपाक सामुदायिक, आणि अंगमेहनत सगळ्यांना. फरक एवढाच, की आश्रमाला पाहुण्यांकडून कमाई करायची नव्हती. रुंबकला ती करायची होती, म्हणून तिथे हिशेबाचे नियम लागले.

आता आपल्या बोरकडे या. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ बघायला लोक येतात, चांगलंच आहे. पण जंगलालगतच्या गावात वाघाने गाय मारली, की गोठा रिकामा होतो तो तिथल्या शेतकऱ्याचा. वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते, पण भरपाई म्हणजे झालेल्या नुकसानाचे पैसे. वाघ असण्यातून होणारी कमाई वेगळी. ती गावात फिरली, तरच वाघ गावाला आपला वाटेल.

हे सगळं मोडायला काय लागतं, माहितीये? आपला फोन! ॲपवर आपण सगळ्यात जास्त स्टार असलेलं घर निवडतो. सगळ्यांनी तेच केलं, की पाळी संपली. एका घराचं लॉज होतं आणि शेजारची दहा घरं नुसती बघत राहतात. म्हणून माझं मत असं, की गावातल्या मुक्कामाचं बुकिंग घराकडे नाही, गावाच्या समितीकडे असावं.

तर पुढच्या वेळी बोरला जा, नाहीतर बुलेट काढून थेट लेहला जा, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. मुक्कामाचं घर कोण ठरवतं? माझ्या पैशातलं गावाच्या निधीत किती जातं? जेवण कुणाच्या हातचं आहे? उत्तरं लगेच मिळाली, तर समजा तुम्ही गावाचे पाहुणे आहात. ‘ते तुम्हाला कशाला पाहिजे?’ असं कुणी म्हणालं, तर तुम्ही नुसतं गिऱ्हाईक.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या गावात पाहुणा कुणाचा असतो, ते मला नक्की कळवा.