प्राण्यांची नावं माणसाला ठेवतात का?

मुलाचं नाव शार्दूल किंवा श्येन ठेवायचं म्हटलं की घरात कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘जनावराचं नाव कुणी माणसाला ठेवतं का?’’ लिओ, वुल्फ अशी नावं ऐकून आलेली ही परदेशी टूम आहे, असाही शेरा मागोमाग येतो. भुशी-लोणावळ्याच्या माणसानं तरी तो मुकाट्यानं ऐकून घेऊ नये. त्याचं उत्तर घरापासून दहा-बारा किलोमीटरवर दगडात कोरलेलं आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई आणि दिनिकाचा मुलगा असलेल्या उषवदातानं वलूरक, म्हणजे आजचं कार्ले, इथल्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक नावाचं गाव दान दिलं, अशी ती नोंद. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. हा उषवदात म्हणजे संस्कृतातला ऋषभदत्त, आणि ऋषभ म्हणजे बैल. त्यानं तीन लाख गाई दान दिल्याचंही त्याच लेखात म्हटलं आहे. कूळ शकांचं, म्हणजे मूळ परदेशातलं. नाव मात्र इथलं आणि बैलाचं. लेण्याच्या दाराशी चार सिंह माथ्यावर घेतलेला स्तंभ आहे, आत ओसरीच्या दोन्ही अंगांना हत्ती आहेत. एकवीरेच्या दर्शनाला जाल तेव्हा पाच मिनिटं काढून ती भिंत बघा.

पुढच्या काळातही हा धागा तुटलेला नाही. शिवाजी महाराजांच्या सहकाऱ्यांत वाघोजी तुपे आहेत. कारीच्या जेधे घराण्यातला तरुण नागोजी 1677 मध्ये कर्नाटकच्या मोहिमेत कामी आला. मोरोपंत पिंगळे पेशवे होते आणि आर्या लिहिणारे मोरोपंत (1729–1794) कवी. दोघांच्या नावात मोरगावच्या मयूरेश्वराचा मोर आहे. 1661 मध्ये कारतलबखानाची फौज कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरली आणि उंबरखिंडीत कोंडीत सापडली. त्या फौजेत रायबागन होती. रायबागन म्हणजे राजव्याघ्री, आणि हा किताब मिळवणारी एक देशमुखीण होती. त्याच कुरवंड्याच्या डोक्यावर नागफणी उभी आहे, खंडाळ्याच्या घाटात वाघजाईचं देऊळ आहे, लोहगडाच्या माचीला विंचूकाटा म्हणतात. आपल्या डोंगरांना, देवींना आणि सरदारांना जी नावं चालली, ती पाळण्यातल्या मुलाला का चालू नयेत, हे मला कधीच पटलेलं नाही.

दुसरा समज जास्त चिवट आहे: प्राण्याचं नाव ठेवलं तर त्याचा स्वभाव मुलात उतरतो. वाघाचं नाव ठेवलं तर पोरगं तापट निघेल, नागाचं ठेवलं तर डूख धरेल. याला काहीही आधार नाही. आधार परंपरेतच शोधायचा असेल तर ती उलटीच साक्ष देते. शौनक ऋषींचं नाव शुनकावरून आलं, आणि शुनक म्हणजे कुत्रा. तैत्तिरीय शाखेच्या नावात तित्तिर पक्षी आहे, मांडूक्य उपनिषदाच्या नावात बेडूक. विश्वामित्रांना आपण कौशिक म्हणतो. त्या शब्दाचा एक अर्थ घुबड. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांची ही नावं उच्चारताना आपल्याला कधी काही वावगं वाटलं नाही. अश्वत्थाम्याला ते नाव मिळालं ते जन्मताच तो घोड्यासारखा खिंकाळला म्हणून, असं महाभारत सांगतं. त्याच्या पुढच्या करणीचा दोष कुणी घोड्याला दिलेला नाही.

राशीचं अक्षर जुळत नाही, म्हणून नाव बाद, ही तिसरी अडचण. हे अक्षर अवकहडा चक्रातून येतं, नक्षत्राच्या प्रत्येक चरणाला एक. आता आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या एका चरणाला ‘ण’, उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारं नाव कुणी ठेवतं का? तिथे सगळेच वाट काढतात. शिवाय ‘धर्मसिंधु’सारख्या ग्रंथात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार वेगळी नावं सांगितली आहेत. राशीचं नाव पत्रिकेत राहू द्या. हाक मारायचं नाव निवडायला शास्त्रानंच मोकळीक ठेवली आहे. आजी-आजोबांची समजूत घालायला हे पुरेसं आहे, आणि त्यात त्यांचा मानही राहतो.

कायद्याबद्दलही बरीच भीती असते. नाव राशीनुसारच हवं किंवा प्राण्याचं नको, असं 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कुठेही नाही. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, पण नाव तेव्हाच ठरलं पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. त्यामुळे बारशाच्या गडबडीत, आत्यानं कानात सांगितलं म्हणून, मनात नसलेलं नाव दाखल्यावर चढवायची काहीच घाई नसते.

शाळेत पोरं चिडवतील, ही शंका मात्र मी गैरसमजात टाकणार नाही. ती खरी आहे. वराह हा विष्णूचा अवतार, तरी हे नाव मुलाला शाळेत जड जाईल. विचित्र दिसण्यासाठी म्हणून वेगळं नाव ठेवू नये. नाव दोन-तीन अक्षरांत म्हणता यावं, अंगणातून हाक मारून बघावं, आडनावासोबत मोठ्यानं वाचावं. वाघ आडनावाच्या घरात शार्दूल ठेवलं तर वाघ दोनदा येतो, हे आधीच लक्षात घ्यावं.

आणि प्राणी जवळचा निवडावा. पावसाळ्यात भुशीच्या ओढ्याकाठी पहाटे एक शीळ ऐकू येते, कुणी पोरगं रमतगमत सूर शोधत चाललंय अशी. तो शीळकरी कस्तूर. काळसर निळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यावर चमकदार निळा पट्टा. दगडाच्या कपारीत पाण्यालगत घरटं करतो. पर्यटकांची गर्दी व्हायच्या आधी गेलात तर दिसतोही. कस्तूर हे मुलाचं नाव म्हणून मला फार आवडतं. उच्चाराला सोपं, ऐकायला गोड, आणि मूल मोठं झाल्यावर त्याला त्याच्या नावाचा पक्षी गावातच दाखवता येईल. ससाणा आवडत असेल तर श्येन, गरुड आवडत असेल तर सुपर्ण किंवा वैनतेय, हरीण आवडत असेल तर कुरंग.

एक काळजी जरूर घ्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी अशा कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. श्येन, शार्दूल, कस्तूर ही नावं इंग्रजीत लिहिताना तीन जण तीन तऱ्हा करतात. म्हणून नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत नाव नोंदवायला जाताना ते दोन्ही लिप्यांत कागदावर स्वच्छ लिहून न्या आणि दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलायच्या आधी एकेक अक्षर तपासा.